चाळिशीनंतरची तपासणी

आम्ही कामगार संघटनेत वावरणारी माणसे. कारखान्यातले यंत्र बंद पडण्याची वाट शहाणा मालक पाहत नाही. ठरल्या दिवशी ते थांबवून तपासतो. ते चालविणारा पुरुष मात्र चाळिशी उलटली तरी दवाखान्याची पायरी चढत नाही. "मला काय धाड भरली आहे?" हे त्याचे उत्तर. त्यामागे नुसती ऐट नसते. रोजंदारीवाल्याचा खाडा म्हणजे बुडालेली मजुरी.

परंतु रक्तदाब १४०/९० च्या वर गेला तरी बहुधा काहीच दुखत नाही. मधुमेहही आरंभी मुकाट असतो. लक्षणे दिसेपर्यंत हृदय, डोळे, मूत्रपिंडे यांना इजा झालेली असू शकते. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातला न दुखणारा पांढरा चट्टा कर्करोगाची पूर्वसूचना ठरू शकतो. तिशीपुढील माणसांची या तिन्ही रोगांसाठी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून व्हावी, अशी राष्ट्रीय योजना आहे.

१९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने आजारी पडलेल्या कामगाराच्या वेतनाचा विचार केला. आजार होण्यापूर्वीच्या तपासणीसाठीही भरपगारी दिवस मागितला पाहिजे. आणि श्रोतेहो, तो मिळेपर्यंत सुटीचा एक दिवस आपणच काढला पाहिजे.