वेबसाइटवर व्हिडिओ टाकायचाय? आधी बघणाऱ्याचा फोन बघा!

वेबसाइट बनवणं आता फार अवघड राहिलेलं नाही. गावच्या वाचनालयाची, कॉलेजच्या गॅदरिंगची, नाहीतर मंडळाची साइट एका रविवारात उभी राहते. मी अशा छोट्या संस्थांच्या साइट बनवतो, आणि पहिली मागणी हमखास एकच असते: "व्हिडिओ मस्त दिसला पाहिजे!" माझा उलटा प्रश्न असतो, "कोणाच्या फोनवर?" कारण तुमच्या नव्या फोनवर झकास चालणारा व्हिडिओ काकांच्या सहा वर्षं जुन्या फोनवर नुसता काळा चौकोन दिसू शकतो. असं का होतं आणि त्यावर उपाय काय, ते आज बघूया.

आधी थोडा इतिहास: फ्लॅशचं काय झालं?

एकेकाळी वेबवर व्हिडिओ, अ‍ॅनिमेशन किंवा गेम म्हटलं की फ्लॅशच. सुरुवातीचं यूट्यूबसुद्धा फ्लॅशवर चालायचं. तेव्हाच्या ब्राउझरला स्वतःहून व्हिडिओ दाखवता येत नसे, म्हणून फ्लॅश प्लेयर नावाचा प्लगइन वेगळा टाकावा लागायचा. कॉम्प्युटरवर हे ठीक चाललं होतं.

मग २००७ साली आयफोन आला, आणि त्यात फ्लॅश नव्हतं. २०१० च्या आयपॅडमध्येही नव्हतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्टीव्ह जॉब्सने जाहीर पत्र लिहून कारणं मांडली: फ्लॅश एकाच कंपनीच्या ताब्यात आहे, सुरक्षेत कच्चं आहे, बॅटरी खातं, आणि ते माउससाठी बनलंय, बोटासाठी नाही. शेवटचा मुद्दा गंमतशीर आहे. फ्लॅशमधले कितीतरी मेनू माउसचा बाण नुसता वर नेला की उघडायचे. टचस्क्रीनवर बाणच नसतो, मग मेनू उघडणार कसा?

अँड्रॉइडवर फ्लॅश आलं खरं, पण अडोबीने २०११ च्या नोव्हेंबरमध्ये मोबाइलवरचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. दरम्यान एचटीएमएल५ मध्ये 'व्हिडिओ' नावाचा टॅग आला होता. आता प्लगइन नको, ब्राउझर स्वतःच व्हिडिओ चालवणार! २०१५ च्या जानेवारीत यूट्यूबने एचटीएमएल५ हाच मुख्य प्लेयर केला. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा सपोर्ट संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयरने फाइली चालवणंच बंद केलं.

नुकसान कोणाचं झालं?

मोठ्या कंपन्यांनी आपापलं सगळं नव्या पद्धतीत बदलून घेतलं. अडकले ते छोटे लोक. एकट्याने बनवलेले गेम, शाळांसाठीचे धडे, हौशी कार्टून यातलं पुष्कळसं उघडेनासं झालं. रफल नावाचा एम्युलेटर आणि इंटरनेट अर्काइव्हमुळे त्यातलं बरंच काही वाचलं. पण ज्यांच्या मूळ फाइलीच हरवल्या, त्यांच्याकडे परत बनवायलाही काही उरलं नाही.

म्हणून तंत्रज्ञान निवडताना मी दोन प्रश्न विचारतो. आजच्या किती फोनवर हे चालेल? आणि उद्या हे बंद पडलं तर माझ्याकडे काय उरेल?

डबा आणि भाजी

आता आजच्या काळात येऊ. "माझी फाइल एमपी४ आहे, म्हणजे सगळीकडे चालणार," असं बऱ्याच जणांना वाटतं. पण एमपी४ हा नुसता डबा आहे. आतली भाजी म्हणजे कोडेक, म्हणजेच व्हिडिओ दाबून छोटा करण्याची पद्धत. डबा तोच, भाजी वेगळी असू शकते. फोनला ती भाजी पचत नसेल, तर व्हिडिओ चालत नाही.

नेहमी भेटणारे कोडेक हे:

- एच.२६४: २००३ चा, म्हातारा पण भरवशाचा. जवळपास प्रत्येक स्मार्टफोनवर चालतो.
- एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५: तेवढ्याच क्वालिटीची फाइल बरीच लहान करतो, पण पेटंटच्या भानगडींमुळे ब्राउझरमध्ये याचा भरवसा नाही. आयफोनवर 'हाय एफिशियन्सी' सेटिंग असेल तर शूटिंग यातच होतं. म्हणून मित्राने पाठवलेली क्लिप थेट साइटवर टाकू नका.
- व्हीपी९: गूगलचा, २०१३ चा, वापरायला फुकट.
- एव्ही१: २०१८ साली आला. तोही फुकट आणि फाइल आणखी लहान. मात्र जुन्या फोनच्या चिपमध्ये तो उलगडायची सोय नसते. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो, फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. आयफोनमध्ये ही सोय २०२३ च्या १५ प्रो मॉडेलपासून आली.

मग निवडायचं काय?

सोपं उत्तर: एकच फाइल ठेवणार असाल तर एमपी४ डब्यात एच.२६४ व्हिडिओ आणि एएसी ऑडिओ. डोळे झाकून!

थोडी मेहनत घ्यायची तयारी असेल, तर व्हिडिओ टॅगमध्ये दोन 'सोर्स' द्या. ब्राउझर वरून खाली वाचत येतो आणि जो पहिला चालवता येईल तो उचलतो. म्हणून नवा कोडेक वर, एच.२६४ सगळ्यात खाली. प्रत्येक सोर्सपुढे कोडेकचं नाव लिहा, नाहीतर ब्राउझरला आतली भाजी कळणार कशी?

डेटाचा हिशोब

हा भाग कृपया वगळू नका. पाच मिनिटांचा व्हिडिओ सेकंदाला ४ मेगाबिट या दराने ठेवला, तर ३०० सेकंदांचे १२०० मेगाबिट, म्हणजे १५० एमबी. तोच १ मेगाबिटने ठेवला तर ३७.५ एमबी. ज्याचा पॅक दिवसाला १ जीबीचा आहे, त्याचा सातवा हिस्सा तुमच्या एका व्हिडिओत संपवायचा का? भाषण किंवा मुलाखत असेल तर फोनच्या स्क्रीनवर कमी दर सहज चालून जातो.

अपलोड करण्याआधी माझी यादी

१. व्हिडिओ आपोआप सुरू करू नका. करायचाच असेल तर आवाज बंद ठेवून. आयफोनवर २०१६ पासून आणि क्रोमवर २०१८ पासून हाच नियम आहे.
२. 'पोस्टर' म्हणून एक फोटो द्या, म्हणजे प्ले दाबेपर्यंत काळी चौकट दिसणार नाही.
३. मराठी सबटायटल जोडा. एसटीत आवाज बंद ठेवून बघणारेही असतात आणि ऐकू न येणारेही.
४. नवं फीचर वापरायच्या आधी 'कॅन आय यूज' या साइटवर ते कोणत्या ब्राउझरमध्ये चालतं ते बघा.
५. घरातला सगळ्यात जुना फोन मागून घ्या, वायफाय बंद करा आणि साइट उघडून बघा.
६. मूळ, न दाबलेली फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा.

यूट्यूबवर टाकून तिथला प्लेयर साइटवर लावला तर? चालेल की! फोन आणि नेटच्या वेगाप्रमाणे क्वालिटी बदलायचं काम तेच करतात. फक्त मग व्हिडिओ त्यांच्या नियमांवर राहतो, म्हणून सहावा मुद्दा तिथे दुप्पट महत्त्वाचा.

कोडेक येतील आणि जातील. आजचा एव्ही१ सुद्धा एक दिवस जुना होईल. तेव्हा मूळ फाइल तुमच्याकडे असेल तर नव्या पद्धतीत बदलायला एक संध्याकाळ पुरेल. नसेल, तर वाचनालयाच्या उद्घाटनाचा तो एकुलता एक व्हिडिओ पुन्हा कुठून आणणार?