रायपूरचे रास्तभाव दुकान आणि तत्काळ संदेशाचे अर्थशास्त्र

शिधापत्रिका एकाच रास्तभाव दुकानाशी जोडलेली असते, तेव्हा त्या दुकानदाराला आपोआप मक्तेदारी लाभते. वजनातील घट, बंद दुकान, ‘माल आला नाही’ हे ठरलेले उत्तर, यांवर गरीब ग्राहकाकडे उपाय नसतो. ही कोंडी फोडण्याचा छत्तीसगडचा प्रयत्न म्हणूनच अभ्यसनीय ठरतो.

२००४ च्या नियंत्रण आदेशान्वये राज्याने ही दुकाने खासगी व्यापाऱ्यांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था, महिला बचत गट आदींकडे सोपविली. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने धानखरेदीपासून दुकानापर्यंतच्या साखळीचे संगणकीकरण झाले. गोदामातून धान्याचा ट्रक निघताच, नोंदणी केलेल्या नागरिकांना मोबाइलवर लघुसंदेश जाऊ लागला. २०१२ मध्ये रायपूर शहरात ‘कोअर पीडीएस’ योजना सुरू झाली आणि कार्डधारकाला आपल्या पसंतीचे दुकान निवडण्याची मुभा मिळाली.

असमाधानी ग्राहकापुढे ‘तक्रार’ आणि ‘निर्गमन’ असे दोन मार्ग असतात, असे अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडले होते. लघुसंदेशाने तक्रारीला पुरावा दिला. दुकाननिवडीने निर्गमनाचा मार्ग खुला केला.

मात्र निवडीसाठी प्रत्येक दुकानाला एकच अद्ययावत हिशेब दिसणे आवश्यक असते. दुकानातील यंत्र मोबाइल जाळ्यातून मध्यवर्ती सर्व्हरकडे विचारणा करते. सर्व्हर शिल्लक कोटा तपासून मंजुरी देतो. पोच न आल्यास यंत्राला तोच संदेश पुन्हा पाठवावा लागतो. अशा वेळी प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असेल, तर कोटा दोनदा वजा होत नाही. महिन्याच्या प्रारंभी संदेशांची गर्दी होते, तेव्हा ते क्रमाने रांगेत ठेवून अनेक सर्व्हरांमध्ये विभागावे लागतात.

खरा प्रश्न जाळे तुटल्यावर उद्भवतो. अशा वेळी अचूक हिशेब आणि अखंड सेवा या दोहोंची हमी एकाच वेळी देता येत नाही, हे तत्त्व एरिक ब्रुअर यांनी २००० मध्ये मांडले व गिल्बर्ट आणि लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केले. व्यवहार थांबविला तर हिशेब शाबूत राहतो, पण मजूर दिवसाची मजुरी बुडवून रिकाम्या हाताने परततो. व्यवहार चालू ठेवला तर क्वचित दुहेरी उचल होऊ शकते. पहिली वगळणुकीची त्रुटी, दुसरी गळतीची. कोणती त्रुटी पत्करावी, हा निर्णय तंत्रज्ञाचा नसून धोरणकर्त्याचा आहे. जोडणीविना मर्यादित धान्य देऊन नंतर हिशेब जुळविणे हा त्यावरील व्यवहार्य मध्यममार्ग होय.

ऑगस्ट २०१९ मध्ये चार राज्यांत प्रारंभ झालेली ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना २०२२ पर्यंत सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत पोहोचली. छत्तीसगड त्याच वर्षी फेब्रुवारीत तीत सामील झाले. रायपुरात एका शहरापुरती असलेली निवड आता स्थलांतरित मजुराला देशभर उपलब्ध आहे. जाळ्याच्या बिघाडाची किंमत त्या मजुराला मोजावी लागू नये, हीच अशा व्यवस्थेच्या यशाची कसोटी ठरावी.