घोड्याचं इंजिन आणि फॅक्टर ऑफ सेफ्टी

मेसच्या टेबलावर वाद पेटला होता. विषय नेहमीचाच: टॉपर जन्मावा लागतो की घडवता येतो? माझी रूममेट ठामपणे म्हणाली, "सगळं जीन्समध्ये असतं गं! रेसचे घोडे बघ. बाप चॅम्पियन, तर पोरगा चॅम्पियन." हे कितपत खरं आहे ते बघायला मी लायब्ररीत शिरले आणि आठवडाभर घोड्यांतच अडकले.

सुरुवात सेक्रेटेरिएटपासून करू. ९ जून १९७३, न्यूयॉर्कजवळची बेलमाँट शर्यत. दीड मैल, म्हणजे सुमारे २४०० मीटर अंतर या घोड्याने २ मिनिटं २४ सेकंदांत कापलं. भागाकार करून बघा, सरासरी वेग ताशी ६० किलोमीटर येतो! दुसरा घोडा ३१ घोड्यांच्या लांबीइतका मागे होता. तो विक्रम अजून अबाधित आहे. १९८९ मध्ये तो गेला, तेव्हा शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी त्याचं हृदय अंदाजे दहा किलोचं असल्याचं सांगितलं. (काट्यावर मात्र कुणी ठेवलं नाही.) एरवी थरोब्रेड घोड्याचं हृदय चार-साडेचार किलोचं असतं.

आता मेकॅनिकलवाल्यांनी कान टवकारावेत. उभ्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ३०-४० असतात, भरधाव धावताना ते २२० च्या वर जातात. एका ठोक्याला लिटरभर रक्त धरलं, तरी मिनिटाला दोनशेवर लिटर झालं. म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या वीस लिटरवाल्या दहा-अकरा बादल्या, एका मिनिटात! शिवाय स्टँडबाय टाकीही आहे. स्प्लीनला मराठीत प्लीहा म्हणतात, हे आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना डिक्शनरीत शोधावं लागतं. आजी तिला पाणथरी म्हणते. घोड्याच्या पाणथरीत लाल पेशींचा मोठा साठा असतो. शर्यत सुरू झाली की ती आकसते आणि रक्तातलं पेशींचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ६० च्या वर जातं.

मग अडतं कुठे? पाइपात आणि चासीत.

घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने. आणि चौखूर उधळताना एका झेपेला एकच श्वास, अशी टायमिंग बेल्ट बसवल्यासारखी जोडणी असते. तिकडे पंप एवढा जोरात चालतो, की फुप्फुसातल्या केसाहून कितीतरी बारीक रक्तवाहिन्या दाबाने फुटतात. जोरदार शर्यतीनंतर दुर्बिणीने तपासलं, तर बहुसंख्य घोड्यांच्या श्वासनलिकेत थोडंफार रक्त सापडतं. पायांचं तर विचारूच नका. गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीतच. ४५०-५०० किलोचा देह स्प्रिंगसारख्या कंडरांवर उसळतो. भरधाव वेगात त्या कंडरा तुटण्याच्या मर्यादेच्या अगदी जवळ ताणल्या जातात. फॅक्टर ऑफ सेफ्टी जेमतेम एक! असं डिझाइन आपण व्हायव्हात दाखवलं, तर एक्झामिनर हाकलूनच देतील.

आता जीन्सकडे वळू. २०१० मध्ये डब्लिनच्या एमेलिन हिल आणि सहकाऱ्यांनी मायोस्टॅटिन या जीनवर संशोधन प्रसिद्ध केलं. हा जीन स्नायूंच्या वाढीला ब्रेक लावतो. त्याचे सी आणि टी असे दोन प्रकार. सी-सी घोडे कमी अंतराला चांगले, टी-टी लांब पल्ल्याला, सी-टी मधले. पण यातून कळतं ते कोणतं अंतर मानवेल एवढंच. जिंकेल कोण ते नाही. नाहीतरी आजच्या सुमारे ९५ टक्के थरोब्रेड नरांची बापाकडची वंशरेषा एकाच डार्ली अरेबियनपर्यंत पोचते. तरी एक पहिला येतो आणि एक शेवटचा! खुद्द सेक्रेटेरिएटच्या शेकडो पिल्लांपैकी एकालाही बापासारखा ट्रिपल क्राऊन मिळाला नाही. रायझन स्टारने १९८८ मध्ये तीनपैकी दोन शर्यती जिंकल्या, तेवढंच.

मला खटकलं ते वेगळंच. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने वेग बघून घोडे निवडले, त्यामुळे पंप वाढला. फुप्फुसं आणि पाय त्या मानाने मागेच राहिले. त्याची किंमत घोडा मोजतो, आणि 'पुरे' म्हणायला त्याला तोंड नाही. सेक्रेटेरिएटचं ते भलंमोठं हृदय शेवटपर्यंत ठणठणीत होतं. खुरांच्या आजारामुळे त्याला दयामरण द्यावं लागलं.

रूममेटला हे सगळं ऐकवलं. ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "म्हणजे मी टी-टी! लाँग डिस्टन्स. चार वर्षांचा कोर्स पाच वर्षांत."