जुनी मोठी मोटार कीं नवी लहान?

आमच्या एका सभासद बंधूंनीं नुकताच आमच्यापाशीं असा प्रश्न काढला कीं, उसाच्या बिलांतून कांहीं रक्कम हातीं उरली आहे, थोडें कर्ज काढण्याची तयारी आहे. तेवढ्या पैशांत सात-आठ वर्षें वापरलेली होंडा सिटी मिळते आणि कोरी वॅगन आरही येते. तर कोणती घ्यावी? हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाहीं. पुष्कळ शेतकरी कुटुंबांपुढें तो आज उभा आहे, म्हणून त्याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम उपयोगाकडे पाहूं. सिटीची लांबी सुमारें ४४४० मिलिमीटर, वॅगन आरची ३६५५. पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर सिटींत २६००, तर वॅगन आरमध्यें २४३५ मिलिमीटर आहे. दोहोंचें पोट जमिनीपासून जवळजवळ सारख्याच उंचीवर असतें. परंतु चाकांतील अंतर जितकें अधिक, तितकें उंचवट्यावर पोट घांसण्याचें भय अधिक. पाटाच्या कडेच्या रस्त्यावर किंवा वस्तीच्या वाटेवर हा फरक तत्काळ कळून येतो. सिटीचा मागील कप्पा ५१० लिटरांचा, वॅगन आरचा ३४१ लिटरांचा. यावरून मोठी गाडी सामानास सोयीची असें वाटेल. पण मोठ्या गाडीच्या कप्प्याचें तोंड अरुंद असतें. ठिबकच्या नळीचें वेटोळें किंवा दुरुस्तीस न्यावयाची मोटर त्यांत सहज जात नाहीं. लहान गाडीची मागची बैठक पाडली कीं तीं निमूट बसतात. शिवाय गुडघे दुखणाऱ्या वडील माणसांस खोल बैठकींत उतरण्यापेक्षां उंच बैठकीवर टेकणें सोपें जातें. उलटपक्षीं, महिन्यांतून चार वेळां पुण्या-मुंबईचा हमरस्ता गांठावा लागत असेल, तर जड व लांब गाडीची स्थिरता आणि मागील बैठकीचा ऐसपैसपणा यांचें मोल नाकारतां येत नाहीं.

आतां खर्च. हत्ती घेणें सोपें, पोसणें कठीण. समजा, वर्षाकांठीं १२,००० किलोमीटर धांव झाली. मोठी गाडी लिटरमागें १३ किलोमीटर व लहान १८ किलोमीटर गेली, तर वर्षास सुमारें २५५ लिटर पेट्रोल जास्त लागेल. शंभर रुपये लिटर धरले तरी हा फरक पंचवीस हजारांवर जातो. जुन्या गाडीवरील कर्जाचा व्याजदरही बहुधा अधिक असतो. चार लाखांचें कर्ज चार वर्षांत फेडावयाचें असल्यास ९ टक्क्यांनीं महिना सुमारें ९,९५० रुपये पडतात, १३ टक्क्यांनीं १०,७३०. चार वर्षांत ३७ हजारांचा फरक. शेतकऱ्याचें उत्पन्न हंगामीं येतें, हप्ता मात्र दरमहा येतो, हें विसरूं नये. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणें चौदा दिवसांत बिल मिळावयास हवें. पण त्या भरंवशावर हप्ता बांधून घेणें किती धोक्याचें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

आणखी दोन गोष्टी. ता. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्यापूर्वीं तो २८ टक्के व वर उपकर असा होता. तेव्हां जुन्या गाडीचा भाव करतांना नवीचा आजचा भाव पुढें ठेवावा, गतवर्षींचा नव्हे. दुसरें, आपल्याच उसापासून होणारें इथेनॉल आतां पेट्रोलांत २० टक्के असतें. एप्रिल २०२३ पूर्वींच्या गाड्या या मिश्रणासाठीं घडविलेल्या नसल्यानें त्यांचें अंतर थोडें घटतें आणि रबरी नळ्या व गॅस्केट वेळेआधीं बदलावे लागण्याचा संभव असतो.

येथें आमचाच अनुभव सांगणें आवश्यक वाटतें. २०२० सालीं आम्हीं शहरांतील एका विक्रेत्याकडून एक देखणी जुनी सेडान घेतली. पाहुण्यांत मान वाढेल ही इच्छा मनांत होती, हें कबूल करण्यांत आम्हांस संकोच नाहीं. पहिल्या पावसाळ्यांतच दिवे आपोआप लागूं-विझूं लागले. पुढें गाडी भर रस्त्यांत बंद पडूं लागली. गांवच्या मिस्त्रीनें गालिचा उचलला, तों खालीं वाळलेल्या गाळाचा थर! ती गाडी २०१९ च्या महापुरांत उभी होती. तारांचें सारें जाळें बदलावें लागलें आणि दोन एकर ठिबकसाठीं बाजूस ठेवलेली रक्कम त्यांत गेली. त्या वर्षीं आमचा ऊस पाटपाण्यावरच राहिला.

बैल घेतांना आपण दांत पाहतों, चालवून पाहतों, जुंपून पाहतों. मोटारीस तोच न्याय लावावा. गालिचा व राखीव चाकाखालील खळगा उघडून गाळ, ओल, बैठकीच्या रुळांवरील गंज पाहावा. टायरवरील चार आंकड्यांवरून तो कोणत्या आठवड्यांत व वर्षीं झाला तें कळतें. इंजिन थंड असतां सुरू करून पाहावें. नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा आहे काय, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत काय, हें तपासावें. नमुना २९ व ३० भरून मालकी आपल्या नांवें करून घ्यावी. विम्याचें हस्तांतर चौदा दिवसांत मागावें. आधींच्या मालकाची विनादावा सवलत आपणांस मिळत नाहीं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, तींतील किती उरलीं हेंही मोजावें. एबीएस ब्रेक एप्रिल २०१९ पासून व चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांत सक्तीची झाली; त्यापूर्वींची गाडी असल्यास तीं आहेत कीं नाहींत, हें पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत.

आमच्या सभासद बंधूंचा रोजचा प्रवास वस्ती, बाजार व तालुका एवढाच आहे आणि घरीं वृद्ध मातोश्री आहेत. त्यांस आम्हीं लहान गाडीच घेण्याचा सल्ला दिला आहे. ज्यांस दूरचा प्रवास नित्याचा आहे, आणि ओळखीच्या एकाच मालकाची, सर्व दुरुस्त्यांच्या पावत्या असलेली गाडी मिळत आहे, त्यांनीं मोठी घेण्यास हरकत नाहीं. मात्र दुरुस्तीसाठीं पन्नास हजार तरी अलग ठेवावे. दारांतील मोटारीनें मान वाढतो तो चार दिवसांचा. शेतांत पाणी वेळेवर पोंचलें, तर तो वर्षभर टिकतो.