कोला, बर्बीर, मतहफ

गायिका फैरूझ आणि तिचा मुलगा झियाद यांच्यावरचा भाग एक आठवडा पुढे ढकलतो आहे. कारण आहे साताऱ्याहून आलेलं पत्र. पत्र लिहिणाऱ्या बाईंचे यजमान दक्षिण लेबनॉनमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या भारतीय बटालियनमध्ये होते. सुटीवर घरी आले की ते सांगायचे, ‘बैरूतमध्ये कुणाला पत्ताच नसतो.’ बाईंनी विचारलंय, मग तिथली माणसं एकमेकांच्या घरी पोचतात तरी कशी?

हा विषय माझ्या इतक्या जिव्हाळ्याचा आहे, की त्याच्यासाठी फैरूझलाही थांबायला लावतो.

पत्ता असतो. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर निळ्या पाट्या आहेत, त्यांच्यावर विभागाचं नाव आणि रस्त्याचा क्रमांक लिहिलेला असतो. पण तो क्रमांक बोलण्यात वापरणारा बैरूतकर मला अजून भेटलेला नाही. क्रमांकाचं सोडा, थोरामोठ्यांची नावं दिली तरी तीच गत. व्हर्दाँ हा महागड्या दुकानांचा रस्ता सरकारदरबारी रशीद करामींच्या नावाचा आहे. ते पंतप्रधान असताना 1987 मध्ये त्यांची हत्या झाली. मझरा या मोठ्या हमरस्त्याला साएब सलाम या दुसऱ्या माजी पंतप्रधानांचं नाव आहे. या दोघांना मानणारा माणूसही गाडीत बसताना ‘व्हर्दाँ’ आणि ‘मझरा’च म्हणतो.

गाडी म्हणजे अर्थात सर्वीस. लाल नंबरप्लेटची, वाटेत चार-पाच अनोळखी माणसं चढवत-उतरवत जाणारी टॅक्सी. बैरूतची ट्राम 1965 मध्ये बंद झाली, रेल्वे यादवी युद्धात संपली, आणि शहर चालतं ठेवायचं काम मुख्यतः या गाड्यांवर आणि खाजगी व्हॅनवर येऊन पडलं. फुटपाथच्या कडेला नुसतं उभं राहायचं. सर्वीसवाला हॉर्नचा हलका टोला देत वेग कमी करतो. खिडकीशी वाकून एकच शब्द सांगायचा. त्याला तिकडे जायचं नसेल तर तो भुवया उंचावतो, जिभेनं ‘च्’ करतो आणि निघून जातो. जायचं असेल तर मानेनंच ‘बस’ म्हणतो. बोलणी एवढीच, त्यामुळे तो एक शब्द बिनचूक हवा.

आता हे शब्द पाहा. कोला: शहराच्या दक्षिण अंगाचा पुलाखालचा चौक. सैदा, सूर आणि शूफच्या डोंगराकडे जाणाऱ्या व्हॅन इथून सुटतात. नाव पडलं इथल्या कोकाकोलाच्या कारखान्यावरून. तो कारखाना कधीच गेला. बर्बीर: इथलं रुग्णालय बंद होऊन बरीच वर्षं झाली, नाव मात्र चालू आहे. बुर्ज: ज्या बुरुजावरून हे नाव पडलं तो आजच्या कुठल्याही बैरूतकराच्या आजोबांनीसुद्धा पाहिलेला नाही. 6 मे 1916 रोजी ऑटोमन सेनापती जमाल पाशानं इथे अरब राष्ट्रवाद्यांना फाशी दिलं, म्हणून चौकाचं अधिकृत नाव हुतात्म्यांचा चौक. जुनी माणसं त्याला अजून बुर्जच म्हणतात.

मतहफ, म्हणजे राष्ट्रीय संग्रहालय, तेवढं जागेवर आहे. पण त्याचंही नाव ऐकल्यावर वयस्क सर्वीसवाल्याच्या मनात पुराणवस्तू येत नाहीत. 1975 ते 1990 या युद्धाच्या काळात शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले होते, आणि दमास्कस रस्त्यानं जाणाऱ्या त्या सीमेवरची मोठी ओलांडणी इथे होती. पश्चिमेला बर्बीर, पूर्वेला मतहफ. एका बाजूची सर्वीस बर्बीरपाशी सोडायची. मधला टापू चालत पार करायचा आणि पलीकडे दुसरी सर्वीस पकडायची. वाटेत नेमबाजांची भीती असायची, तरी नोकरीसाठी, कॉलेजसाठी, आजारी आईसाठी लोक ये-जा करत राहिले.

ती रेषा अजून भाड्यात दिसते, असं माझं ठाम मत आहे. पश्चिमेकडच्या हम्रा भागात उभं राहून ‘कोला’ म्हणा, सर्वीसवाला बहुतेक एका भाड्यात नेईल. पूर्वेकडचं ‘अश्रफिये’ म्हणा, ‘सर्वीसैन’ असं उत्तर ऐकायची तयारी ठेवा, म्हणजे दोन भाडी. अंतर काही दुप्पट नाही. कारण विचारलं तर तो वाहतुकीची कोंडी सांगेल, आणि ते खोटंही नसेल. पण पश्चिमेत गाडी चालवून आयुष्य गेलेल्या माणसाला पूर्वेकडच्या गल्ल्या परक्या वाटतात. परतीचं गिऱ्हाईक मिळेल याचा त्याला भरवसा नसतो.

भाडं वर्षानुवर्षं दोन हजार लिरा होतं, तेव्हाच्या ठरीव दरानं सव्वा-दीड डॉलर. 2019 पासून लिरा कोसळला आणि आज भाडं लाखांत मोजतात. पैशाचा हा सगळा गोंधळ सर्वीसवाल्यानं सुट्या पैशांच्या हिशेबात, चालत्या गाडीत निस्तरला. बँका मात्र लोकांच्या ठेवी अडवून बसल्या होत्या.

कोलाला उतरलात तर व्हॅन भरेपर्यंत वेळ असतो. हँडबॅगेच्या आकाराची, तीळ लावलेली ‘काक’ पाव-भाकरी तेव्हा जरूर घ्या. मधे पिकोन चीज आणि वर सुमाकची आंबट पूड घालून मागा.

2022 मध्ये फ्रान्सनं 50 बसगाड्या दिल्या, आणि 2024 मध्ये ठरावीक मार्गांवर सरकारी बस पुन्हा धावू लागली. मला याचा मनापासून आनंद आहे. रात्री अनोळखी गाडीत एकटीनं बसणं नको वाटणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. पगार लिरात आणि भाडं डॉलरच्या मागे धावणारं, अशा माणसाला रोजची सर्वीस परवडत नाही. फक्त थांब्यांच्या पाट्यांवर नकाशातले क्रमांक लिहू नयेत. कोला, बर्बीर, मतहफ लिहावं. उतरणारा माणूस चालकाला तेच सांगणार आहे.