दुखणं कुत्र्याचं, उपाय माणसाचे

घरातला कुत्रा आठ-नऊ वर्षांचा झाला आणि उठताना कुरकुरायला लागला, की शेजारी, नातेवाईक आणि सकाळी फिरायला भेटणारे इतर कुत्रेवाले, सगळेच वैद्य होतात. कुणी हळदीचं दूध सांगतं, कुणी पाया सूप, कुणी महानारायण तेल, तर कुणी स्वतःच्या गुडघ्याची गोळी अर्धी करून द्यायला सुचवतं. यातल्या काही उपायांना भक्कम आधार आहे, काही निरुपयोगी आहेत आणि काही सरळ जिवावर बेतणारे. नुसता ‘नैसर्गिक’ हा शिक्का पाहून त्यांतला फरक कळत नाही. त्यासाठी सांध्यात नेमकं काय बिघडतं, हे आधी पाहायला हवं.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि मधे वंगणाचं काम करणारा द्रव. या कूर्चेला ना रक्तवाहिन्या असतात ना मज्जातंतू. त्यामुळे ती झिजताना स्वतः दुखत नाही आणि एकदा झिजली की पुन्हा पहिल्यासारखी भरूनही येत नाही. दुखतं ते आजूबाजूचं: सांध्याचं सुजलेलं अस्तर, ताणलेलं आवरण, कूर्चेखालचं हाड आणि दुखरा पाय वाचवता वाचवता आखडलेले स्नायू. म्हणून झीज उलटवण्याचा दावा करणाऱ्या कोणत्याही बाटलीकडे संशयाने पाहावं. हातात असतात त्या तीन गोष्टी: सूज कमी करणं, सांध्यावरचा भार हलका करणं आणि स्नायू टिकवणं. कुठलाही उपाय याच तीन कसोट्यांवर घासून पाहायचा.

गैरसमज : दुखत असतं तर ओरडला असता.

वस्तुस्थिती : ठेच लागली, शेपटीवर पाय पडला तर कुत्रा केकाटतो. रोजच्या, मुरलेल्या दुखण्याला मात्र तो आवाज करत नाही, वागणं बदलतो. सोफ्यावर उडी मारणं सोडतो, गाडीत चढताना थबकतो, जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलतो. तोच सांधा पुन्हा पुन्हा चाटतो, रात्री सारख्या जागा बदलतो, कमरेला हात लावला की गुरगुरतो. मागच्या मांड्या बारीक होतात आणि भार पुढे घेतल्यामुळे छाती-खांदे भरदार दिसतात.

झोपेतून उठताना नीट पाहिलं तर बरंच कळतं. निरोगी कुत्रा एका झटक्यात उभा राहतो. सांधे धरलेला कुत्रा आधी पुढचे पाय रोवतो, मान खाली घालून वजन पुढे ओढतो, मग मागचं धड वर खेचतो. गुळगुळीत टाइल्सवर त्याचे मागचे पंजे बाहेरच्या बाजूला घसरतात आणि पहिली दहा-बारा पावलं लाकडासारखी पडतात. थोडं चालल्यावर तो मोकळा होतो. ‘आता बरा आहे’ म्हणून आपण विसरतो, आणि दुखणं तसंच अंगावर काढलं जातं.

गैरसमज : हे म्हातारपण आहे, होणारच.

वस्तुस्थिती : वयानुसार त्रास वाढतो हे खरं, पण कुत्र्यांमध्ये त्याची सुरुवात बहुतेक वेळा सांध्याच्या रचनेतल्या दोषातून किंवा इजेतून होते. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर या जातींत खुब्याचा सांधा नीट बसलेला नसणं, म्हणजे हिप डिस्प्लेशिया, नेहमी आढळतं. छोट्या जातींत गुडघ्याची वाटी सरकते. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला तर त्या सांध्यात पुढे झीज होतेच. रस्त्यावरच्या कुत्र्यांची हाडं वाहनाच्या धडकेत मोडतात आणि वेडीवाकडी जुळतात. असा कुत्रा पुढे कुणी घरी आणला, तर त्याचा तो एकच सांधा लवकर कुरकुरायला लागतो. म्हणजे दोन वर्षांच्या कुत्र्यालाही संधिवात असू शकतो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे विसरून चालणार नाही. आज एका पायाने लंगडणं, उद्या दुसऱ्या, सोबत ताप, मरगळ, अन्नावरची वासना उडालेली, अशी लक्षणं असतील तर तो वयाचा संधिवात नसून गोचीडतापही असू शकतो. गोचिडांतून पसरणाऱ्या एर्लिकियासारख्या जंतूंमुळे सांधे सुजतात. त्यावर तेल चोळत बसण्यात मोलाचे दिवस वाया जातात. रक्ततपासणी करून वेळेवर औषध सुरू झालं, तर असा कुत्रा बरा होऊ शकतो.

गैरसमज : आता वय झालं, खाऊ दे पोटभर.

वस्तुस्थिती : सांधेदुखीवरच्या सगळ्या नैसर्गिक उपायांत सर्वांत दमदार उपाय आपण इथेच घालवतो. जास्तीचं वजन सांध्यावर दुहेरी वार करतं. एक तर प्रत्येक पावलाला भार वाढतो. शिवाय चरबी नुसती साठून राहत नाही, तर शरीरात सूज वाढवणारी रसायनं सोडत राहते.

अमेरिकेत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे. एकाच वेताच्या पिल्लांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं आयुष्यभर दिलं. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बेताने खाणाऱ्या गटाचं मध्यम आयुर्मान १३ वर्षं भरलं, दुसऱ्याचं ११.२. बेताने खाणाऱ्यांत संधिवातही कमी आणि उशिरा दिसला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात लठ्ठ आणि लंगडणाऱ्या कुत्र्यांचं वजन सुमारे ६ टक्के उतरताच लंगडणं लक्षणीय कमी झालं. ३५ किलोच्या लॅबसाठी हे जेमतेम दोन किलो होतात.

वजन योग्य आहे की नाही, हे काट्याशिवायही कळतं. कुत्र्याच्या बरगड्यांवरून तळहात हलका फिरवा. दाब न देता बरगड्या हाताला लागायला हव्यात. वरून पाहताना कंबर आत गेलेली दिसावी आणि बाजूने पाहताना पोट छातीपासून वर चढत गेलेलं असावं. बरगड्या शोधाव्या लागत असतील, तर आधी वरखाणं मोजा: चहाबरोबरची बिस्किटं, आजीने गुपचूप दिलेली तूप लावलेली पोळी, मुलांच्या ताटातलं उरलेलं. मुख्य जेवण कुणी चुकवत नाही, वजन वाढतं ते या घासांनी. त्यांच्या जागी काकडी, गाजर, उकडलेली फरसबी चालते. कुत्र्याला हवं असतं आपल्या हातून काहीतरी मिळणं.

गैरसमज : पाय दुखतोय, म्हणजे फिरणं बंद.

वस्तुस्थिती : अचानक लंगडायला लागला तर काही दिवस विश्रांती योग्यच. जुन्या संधिवातात मात्र हालचाल थांबली की स्नायू वितळतात, सांध्याचा आधार जातो, वजन वाढतं आणि दुखणं बळावतं. आठवडाभर घरात कोंडून रविवारी किल्ल्यावर नेणं ही दुसरी चूक. रोज, ठरावीक वेळी, पट्ट्यावर, संथ चालीने, दिवसातून दोन-तीन छोट्या फेऱ्या हव्यात. माती किंवा गवत असेल तर उत्तम. चेंडूमागे धावणं, गर्रकन वळणं आणि उड्या टाळाव्यात. दुसऱ्या दिवशी जास्त आखडला, तर आदल्या दिवशीची फेरी लांबली असं समजावं. पोहण्यात शरीराचा भार पाणी उचलतं आणि स्नायूंना काम मिळतं, म्हणून मोठ्या शहरांतल्या काही पशुवैद्यकीय केंद्रांत पाण्यातला व्यायाम करून घेतात.

घरातली फरशी हाही उपचाराचाच भाग आहे. घसरणाऱ्या प्रत्येक पावलाला दुखरा खुबा ताणला जातो. त्याच्या झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत रबरी मॅट किंवा न सरकणारी सतरंजी अंथरा. नखं आणि पंज्यांमधले केस वेळेवर कापा. गादी जाड असावी आणि ती जमिनीलगत असावी.

गैरसमज : हळद सगळ्यावर चालते.

वस्तुस्थिती : हळदीतला करक्युमिन हा घटक प्रयोगशाळेत सूज कमी करताना दिसतो. पण हळदीत तो असतो थोडा, आणि आतड्यातून रक्तात जातो त्याहून थोडा. हळदीचा अर्क देऊन कुत्र्यांवर २००३ मध्ये झालेल्या एका चाचणीत, पायावर पडणारा भार यंत्राने मोजला तेव्हा खऱ्या आणि खोट्या औषधात ठोस फरक आढळला नाही. जेवणातली चिमूटभर हळद अपाय करत नाही, पण तिला उपचार म्हणता येत नाही. दुधातून दिली तर अनेक मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नसल्यामुळे पोट बिघडतं, ते वेगळंच.

पूरक आहारात आज सर्वांत बरा पुरावा आहे तो माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चा, त्यातही ईपीए आणि डीएचए या दोन घटकांचा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ओमेगा-३ ला अनुकूल कौल मिळाला. सर्वाधिक खपणाऱ्या ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनचा मात्र वेदनेवर परिणाम दिसला नाही. तरी माशाचं तेल घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए-डीएचए मिळून बहुधा ३०० मिलिग्रॅमच असतात, त्यामुळे मात्रा ठरवताना हा आकडा धरायचा. कॉड लिव्हर ऑइल हे वेगळं तेल आहे. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते शरीरात साठून विषबाधा करू शकतं. आणि जवस हा शाकाहारी पर्याय फारसा कामाचा नाही, कारण त्यातल्या ओमेगा-३ चं ईपीएत रूपांतर करणं कुत्र्याच्या शरीराला नीट जमत नाही. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि मात्रा वजनानुसार पशुवैद्यांकडूनच ठरवून घ्यावी.

गैरसमज : कॅल्शियम आणि पाया सूप दिलं की सांधे मजबूत.

वस्तुस्थिती : झिजते ती कूर्चा, आणि ती कॅल्शियमची बनलेली नसते. संतुलित खाणं असलेल्या मोठ्या कुत्र्याला वरून कॅल्शियम देऊन सांधेदुखी कमी होत नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांना तर जादा कॅल्शियम घातक ठरतं. त्याने हाडांची आणि सांध्यांची वाढच बिघडते, म्हणजे पुढच्या संधिवाताचं बी आपणच पेरतो. पाया सूप कुत्र्याला आवडतं यात शंका नाही. पण वर तरंगणारी चरबी काढलेली हवी, मीठ नको, कांदा-लसूण तर मुळीच नको, कारण दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजलेलं हाड चावताना टोकदार फुटतं, त्यामुळे तेही देऊ नये.

गैरसमज : वरून लावायला काय हरकत आहे?

वस्तुस्थिती : कुत्रा अंगाला लावलेलं सगळं चाटतो. मग वरून लावलेलं औषध पोटातलं औषध होतं. कापूर, निलगिरी, विंटरग्रीन तेल असलेले बाम किंवा वेदनाशामक जेल त्याच्या पोटात गेले तर विषबाधा होऊ शकते. औषधी तेलांतही कापूर असू शकतो, म्हणून लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडू नये. आपण स्वतःला जेल लावून तोच हात कुत्र्याला चाटू देणंही धोक्याचं.

साधा शेक मात्र उपयोगी आहे. टॉवेल गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळावा, स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा आणि सोसतोय असं वाटलं तर सांध्यावर दहा मिनिटं ठेवावा. मग मांडीचे स्नायू तळहाताने पंज्याकडून वरच्या दिशेला हलके चोळावेत. कुत्रा वळून बघायला लागला किंवा ओठ चाटायला लागला, तर थांबावं. सांधा लाल, गरम आणि नुकताच सुजलेला असेल तर शेक देऊ नये.

गैरसमज : आमचीच गोळी अर्धी देतो, डॉक्टरांची औषधं किडनी घालवतात.

वस्तुस्थिती : रोगापेक्षा इलाज भयंकर होतो तो इथे. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृताला आणि रक्ताला इजा करतं. डायक्लोफिनॅक खाल्लेल्या जनावरांच्या मृतदेहांवर जगणारी गिधाडं मूत्रपिंडं बिघडून मेली, म्हणून भारतात २००६ पासून पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी आहे. कुत्र्याच्या जठरालाही ते झेपत नाही. गोळी अर्धी केल्याने औषधाचा स्वभाव बदलत नाही.

कुत्र्यांसाठी तपासलेली औषधं वेगळी आहेत: कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब, योग्य मात्रेतलं मेलॉक्सिकॅम. त्यांचेही दुष्परिणाम आहेत, म्हणूनच सुरुवातीला आणि मधून मधून यकृत-मूत्रपिंडाची रक्ततपासणी करतात आणि स्टेरॉइडबरोबर ती देत नाहीत. उलटी, काळी शी किंवा खाणं सोडणं दिसलं तर गोळी लगेच थांबवून फोन करायचा. आणि वेदना दाबल्याशिवाय कुत्रा चालणार नाही, चालल्याशिवाय स्नायू टिकणार नाहीत. औषध आणि नैसर्गिक उपाय यांचं भांडण लावण्यात नुकसान कुत्र्याचंच.

गैरसमज : उपाय लागू पडतोय, डोळ्यांना दिसतंय की!

वस्तुस्थिती : संधिवाताला भरती-ओहोटी असते. वाईट आठवड्यात आपण नवं तेल आणतो, पुढचा आठवडा तसाही बरा जाणार असतो, आणि श्रेय तेलाला मिळतं. नुसती खोटी गोळी दिलेल्या कुत्र्यांमध्येही मालकांना, इतकंच काय पशुवैद्यांनाही, सुधारणा ‘दिसते’, तर यंत्र मात्र पायावरचा भार जसाच्या तसा दाखवतं. याची नोंद संशोधनात आहे.

त्यावर तोडगा सोपा आहे. दर पंधरा दिवसांनी, एकाच वेळी, एकाच जागी मोबाइलवर दोन छोटे व्हिडिओ घ्या: एक झोपेतून उठतानाचा, एक चालतानाचा. सोबत वजन लिहून ठेवा. एका वेळी एकच नवा उपाय सुरू करा आणि त्याला दीड-दोन महिने द्या. तारखेनुसार व्हिडिओ शेजारी ठेवून पाहिले की फरक पडला की नाही, हे पुढच्या भेटीत पशुवैद्यांनाही दाखवता येतं. फरक नसेल तर तो खर्च थांबवा आणि वाचलेल्या पैशांतून रबरी मॅट आणा.