मकरंदावर जगणारा पोपट

चंडीगडच्या सेक्टर २१ मध्ये एक छोटे पक्षी अभयारण्य आहे. १९९८ साली घोषित झालेले हे अभयारण्य तिथल्या हिरव्या पोपटांमुळे ओळखले जाते. आपला हा पोपट धान्य, बिया आणि फळे खातो. ऑस्ट्रेलियात मात्र त्याचा एक भाऊबंद मुख्यतः फुलांवर जगतो. त्याचे नाव रेनबो लोरिकीट.

निळे डोके, हिरवी पाठ, केशरी-लाल छाती आणि लाल चोच अशा रंगांमुळे त्याला इंद्रधनुष्याचे नाव मिळाले. लांबी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर. नर आणि मादी दिसायला सारखेच.

त्याची खरी करामत जिभेत आहे. जीभ बाहेर काढली की टोकावरचे बारीक तंतू कुंचल्यासारखे उभे राहतात आणि मकरंद व पराग टिपून घेतात. मकरंदातून साखर मिळते, परागातून प्रथिने. कठीण दाणे दळण्याचे काम नसल्याने त्याच्या पोटाचे स्नायूही आपल्या पोपटाइतके बळकट नसतात. चोचीला व पिसांना लागलेले पराग दुसऱ्या फुलावर पोहोचतात आणि झाडाचे परागीभवन होते.

चंडीगडमध्ये ज्याला सफेदा म्हणतात ती निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाचीच. तिची फुले या पक्ष्याला फार प्रिय. फुलोरा सगळीकडे एकाच वेळी येत नाही, म्हणून थवे बहराच्या शोधात फिरतात. रात्री मात्र शेकडो पक्षी एकत्र मुक्काम करतात आणि गोंगाट करतात. घरटे जुन्या झाडाच्या ढोलीत असते. मादी बहुधा दोन अंडी घालते.

लोक प्रेमाने त्यांना पाव आणि साखरपाणी देतात. त्याने पोट भरते, पण पोषण होत नाही. शिवाय एकाच भांड्यातून रोग पसरतात. पर्थ शहरात हा पक्षी मूळचा नव्हता. १९६० च्या दशकात पिंजऱ्यातून सुटलेल्या काही पक्ष्यांची संख्या इतकी वाढली, की आता ते स्थानिक पक्ष्यांना ढोलीतून हुसकावतात आणि फळबागांचे नुकसान करतात.

छात्रमित्रांनो, यातून दोन गोष्टी लक्षात ठेवूया. दया म्हणून परदेशी पक्षी मोकळा सोडू नये. आणि आपले देशी पोपट पकडणे, विकणे किंवा पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. त्यांनाही ढोली लागते; म्हणून आवारातले जुने झाड तोडण्यापूर्वी एकदा वर पाहावे.